वास्तव्याची अट आणि राहण्याचा हक्क

एखाद्या देशाने परदेशी तरुणाला शिक्षणासाठी बोलवावे, त्याच्याकडून स्थानिक विद्यार्थ्याच्या कित्येक पट शुल्क घ्यावे, शिक्षण संपल्यावर त्याला काही वर्षे काम करू द्यावे, आणि मग देशाच्या ज्या भागांना माणसांची गरज आहे त्या भागात तो राहिला तरच त्याला कायमचे राहू देण्याचे मान्य करावे, हा व्यवहार आज इतका रूढ झाला आहे की त्यात काही नैतिक प्रश्न दडलेला असेल याची जाणीव सहसा होत नाही. या वाटेने जाणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक तिच्याकडे गुणांचे, कागदपत्रांचे आणि मुदतींचे कोष्टक म्हणून पाहतात, आणि त्यांच्या जागी ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या कोष्टकाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. एखाद्या भूमीवर राहण्याचा हक्क माणसाला कशातून मिळतो? जन्मातून, करारातून, उपयुक्ततेतून, की तिथे प्रत्यक्ष घालवलेल्या काळातून?

इमॅन्युएल कांट याने 1795 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिरंतन शांततेवरील निबंधात परक्याच्या हक्काची जी मर्यादा आखली, ती येथे विचाराला सुरुवात म्हणून उपयोगी पडते. पृथ्वीचा पृष्ठभाग गोल आणि मर्यादित असल्यामुळे माणसे एकमेकांपासून अनंत अंतरावर पांगू शकत नाहीत, त्यांना एकमेकांचे सान्निध्य सोसावेच लागते, म्हणून परक्या भूमीवर येणाऱ्याला केवळ तो आला एवढ्यासाठी शत्रू मानले जाऊ नये, इतका भेटीचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. तिथे घरच्यासारखे राहण्याचा हक्क मात्र यजमानाशी झालेल्या विशेष कराराखेरीज मिळत नाही, अशी कांटची मांडणी होती. परदेशी विद्यार्थी या दोन्ही कोटींमध्ये नीट बसत नाही. तो केवळ भेटीला आलेला नाही, कारण त्याला रीतसर बोलावलेले आहे. आणि त्याला पाहुणा म्हणावे, तर तो शुल्क भरतो, घरभाडे देतो, मिळकतीवर कर देतो, रात्रपाळीला वृद्धाश्रमात आणि उपाहारगृहात काम करतो. ज्या कराराची कांटला अपेक्षा होती तो येथे तुकड्यातुकड्यांनी होतो, आणि त्यातला शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा तुकडा बहुधा अलिखितच राहतो.

हा शेवटचा तुकडा लिहून काढण्याच्या दोन रीती ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा या देशांत दिसतात. कायमस्वरूपी वास्तव्य, ज्याला बोलीत सर्रास पीआर म्हटले जाते, म्हणजे नागरिकत्व नसतानाही अमर्याद काळ राहण्याची आणि काम करण्याची परवानगी. आणि ती देताना देशाचा विशिष्ट भाग किंवा घटक राज्य निवडीत सहभागी होत असेल, तर त्या वाटेला प्रादेशिक वाट म्हणता येते. ऑस्ट्रेलियात 16 नोव्हेंबर 2019 पासून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळता उरलेला सारा देश यासाठी प्रादेशिक मानला जातो, म्हणजे पर्थ, ॲडलेड, होबार्ट आणि राजधानी कॅनबेराही त्यात येतात. त्याच दिवशी सुरू झालेला 491 क्रमांकाचा व्हिसा पाच वर्षांचा आणि तात्पुरता आहे. तो धारण करणाऱ्याने याच प्रदेशात राहावे, काम करावे आणि शिकावे ही त्याची कायदेशीर अट आहे, आणि तीन वर्षे अशी काढल्यावर, तीन आर्थिक वर्षांची कर-आकारणीची पत्रे जोडून, 191 क्रमांकाच्या कायमस्वरूपी व्हिसासाठी अर्ज करता येतो. तो मिळाल्यावर मात्र माणूस सिडनीलाही जाऊ शकतो.

याच देशात 190 क्रमांकाचा दुसरा एक व्हिसा आहे. तोही राज्याच्या नामांकनाने मिळतो, परंतु पहिल्या दिवसापासून कायमस्वरूपी असतो, आणि नामांकन करणाऱ्या राज्यात सुरुवातीची दोन वर्षे राहण्याचे जे वचन अर्जदार देतो ते व्हिसाची अट नसून नैतिक बांधिलकीच्या स्वरूपाचे असते. वय, इंग्रजी, शिक्षण आणि अनुभव यांचे गुण मोजून निवड होणाऱ्या या पद्धतीत, जिथे अर्ज करायलाच किमान 65 गुण लागतात, राज्याचे नामांकन 190 साठी 5 गुण देते आणि 491 साठी 15. मधल्या 10 गुणांच्या फरकात एक संपूर्ण नैतिक सिद्धान्त सामावलेला आहे. ज्याच्या अंगी शासनाला हवी असलेली योग्यता पुरेशी आहे, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो. ज्याची योग्यता थोडी कमी भरते, त्याला ती उणीव आपल्या संचारस्वातंत्र्याचा काही भाग काही वर्षांसाठी गहाण ठेवून भरून काढता येते. स्वातंत्र्याची अशी गुणांमध्ये किंमत ठरवणे हे योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्यापूर्वी दुसरी रीत पाहणे आवश्यक आहे.

कॅनडात प्रांतांनी माणसे निवडण्याची पद्धत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली, आणि मॅनिटोबा हा प्रांत तिच्यात अग्रभागी होता. क्युबेकची निवडव्यवस्था 1991 च्या करारानुसार पूर्णपणे वेगळी आहे. प्रांताचे नामांकन मिळालेल्या अर्जदाराला केंद्राच्या एक्स्प्रेस एन्ट्री या गुणपद्धतीत 600 गुणांची भर मिळते, आणि त्यामुळे त्याची निवड जवळजवळ निश्चित होते. अटलांटिक किनाऱ्यावरील न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कॉशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड व लॅब्राडोर या चार प्रांतांसाठी 2017 मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झालेली आणि 2022 मध्ये कायम झालेली योजना विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक उदार आहे: त्या भागात दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आणि पदवीपूर्वीच्या दोन वर्षांत किमान 16 महिने तिथे राहिलेल्या विद्यार्थ्याला पूर्वानुभवाची अट लागू होत नाही, मात्र प्रांताने मान्यता दिलेल्या नियोक्त्याची नोकरी त्याच्या हाती असावी लागते. 2019 मध्ये याच धर्तीवर थंडर बे, टिमिन्स, मूस जॉ अशा 11 लहान वस्त्यांसाठीही एक प्रयोग झाला. या साऱ्या वाटांचा शेवट मात्र एकाच ठिकाणी होतो. 1982 च्या हक्कपत्रातील सहाव्या कलमानुसार, केवळ नागरिकालाच नव्हे तर कायमस्वरूपी वास्तव्याचा दर्जा असलेल्या प्रत्येक व्यक्तीलाही कोणत्याही प्रांतात जाऊन राहण्याचा आणि उपजीविका करण्याचा हक्क आहे. म्हणून प्रांत अर्जदाराला एवढेच विचारू शकतो की, येथे राहण्याचा तुझा हेतू आहे काय? खोटा हेतू सांगणे हा गुन्हा ठरू शकतो. परंतु खरा हेतू पुढे बदलला, तर त्याबद्दल शिक्षा नाही.

तेव्हा दोन देशांमधला फरक केवळ नियमांच्या तपशिलाचा नाही. एक व्यवस्था माणसाच्या देहाचे ठिकाण तपासते आणि त्याच्या मनात काय आहे हे विचारत नाही; दुसरी मनातला हेतू विचारते आणि देहाला मोकळे सोडते. पहिल्या दृष्टिक्षेपात दुसरी अधिक मानवी वाटते, आणि तत्त्वतः ती तशी आहेही, कारण स्वातंत्र्य हे दर्जाबरोबरच येते, त्याच्यानंतर नव्हे. पण तिच्यात एक मोठा दोष आहे. हेतूवर विश्वास ठेवणारी व्यवस्था दार उघडताना फार निवडक आणि लहरी होऊ शकते, कारण एकदा आत आलेल्याला बांधून ठेवण्याचे साधन तिच्यापाशी नसते. त्यामुळे सारी सत्ता दारावर उभ्या असलेल्या नियोक्त्याच्या आणि प्रांताच्या हाती एकवटते. ज्या नोकरीच्या पत्रावर आयुष्याची दिशा अवलंबून आहे ते पत्र देणाऱ्या मालकापुढे विद्यार्थी कमी वेतन, जादा तास आणि अपमान यांबद्दल तोंड उघडू शकत नाही. ऑस्ट्रेलियातील राज्य-नामांकनाची वाट प्रदेशाशी बांधते, एका मालकाशी नव्हे, आणि 491 चा धारक होबार्टची नोकरी सोडून ॲडलेडला जाऊ शकतो. भूभागाशी बांधले जाणे हे व्यक्तीशी बांधले जाण्यापेक्षा कमी अपमानकारक आहे, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

दोन्ही व्यवस्थांचे समर्थन करणारे एकच युक्तिवाद करतात, तो संमतीचा. विद्यार्थ्याला अटी ठाऊक होत्या, त्याने त्या स्वीकारल्या, त्याला नको असते तर तो परत जाऊ शकला असता. मग अन्याय कोठे झाला? या युक्तिवादात तथ्य आहे, आणि प्रौढ माणसाच्या संमतीला कस्पटासमान लेखणे हाही त्याचा एक प्रकारचा अपमानच आहे. परंतु संमती कोणत्या क्षणी दिली गेली याला महत्त्व आहे. घर सोडण्यापूर्वी दिलेली संमती आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर, घरची जमीन तारण असताना, पंचविशी ओलांडल्यावर दिलेली संमती यांचे नैतिक वजन सारखे नाही. शिवाय या युक्तिवादाला एका व्यक्तीचे उत्तर मुळीच देता येत नाही, आणि ती व्यक्ती म्हणजे मूल. विद्यार्थ्याबरोबर आलेले किंवा तिथेच जन्मलेले मूल शाळेत जाते, तिथल्या उच्चारात बोलू लागते, त्याचे मित्र आणि त्याचे जग तिथेच घडते. त्याने कोणत्याही अटीवर सही केलेली नसते. पालकांची वाट बंद झाल्यावर त्या मुलाला ज्या देशाची त्याला आठवणही नाही तिकडे जाण्यास भाग पाडणे अन्यायाचे आहे असे ज्याला वाटते, त्याने हे मान्य केलेच आहे की राहण्याचा हक्क करारापासून वेगळ्या अशा एखाद्या स्रोतातूनही निर्माण होतो.

तो स्रोत म्हणजे काळ. जोसेफ कॅरन्स या राजकीय तत्त्वज्ञाने स्थलांतराच्या नीतिशास्त्रावरील 2013 च्या ग्रंथात सामाजिक सदस्यत्वाची जी कल्पना मांडली तिचा गाभा हाच आहे: माणूस जिथे राहतो तिथे त्याचे नातेसंबंध, सवयी, कामे आणि जबाबदाऱ्या विणल्या जातात, आणि पुरेशा काळानंतर तो त्या समाजाचा घटक होतो, मग कायदा त्याला काहीही म्हणो. राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर याने त्याआधी तीस वर्षे, 1983 मध्ये, कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्याचा समाजाचा अधिकार ठामपणे मान्य केला होता; तरीही ज्यांच्या श्रमावर समाज चालतो अशा आतल्या माणसांना सदस्यत्वाची वाट खुली न ठेवणे म्हणजे नागरिकांच्या एका गटाने रहिवाशांच्या दुसऱ्या गटावर जुलमी सत्ता चालवणे होय, असे त्याने दाखवून दिले. त्याच्यासमोर युरोपातील पाहुणे कामगार होते आणि प्राचीन अथेन्समधील मेटिक होते, म्हणजे परगावाहून येऊन तिथे स्थायिक झालेले, पण नागरिकत्व नसलेले लोक.

मेटिकांमधला सर्वांत प्रसिद्ध माणूस ॲरिस्टॉटल. तो स्टॅगिरा या उत्तरेकडील नगरातून सतराव्या-अठराव्या वर्षी प्लेटोच्या अकादमीत शिकायला आला आणि वीस वर्षे अथेन्समध्ये राहिला. पुढे परत येऊन त्याने तिथे लायसिअम ही आपली विद्यापीठतुल्य संस्था चालवली. पुरुष मेटिकाला दरवर्षी बारा द्राख्मांचा विशेष कर द्यावा लागे, त्याचा पाठीराखा म्हणून एक नागरिक नोंदवावा लागे, आणि जमीन त्याच्या मालकीची होऊ शकत नसे. केवळ एखाद्या ठिकाणी राहिल्याने कोणी नागरिक ठरत नाही, कारण राहतात तर मेटिक आणि गुलामही, हा विचार राज्यशास्त्रावरील ॲरिस्टॉटलच्याच ग्रंथात आहे. ज्या नगराची बौद्धिक कीर्ती त्याने वाढवली त्या नगरातून इसवी सनपूर्व 323 मध्ये, अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर वातावरण विरोधी झाल्यावर, त्याला निघून जावे लागले. आपल्याच स्थितीचे समर्थन करणारे तत्त्व त्याने मांडले, यावरून एवढे दिसते की वगळला गेलेला माणूसही वगळण्याच्या नियमाला निसर्गनियम समजू शकतो. आज पीआरच्या रांगेत उभे असलेले अनेकजण आपल्यावरील अटींबद्दल असेच बोलतात.

काळाचा दावा मान्य केला तरी प्रदेशाची अट आपोआप अन्यायकारक ठरत नाही, आणि या ठिकाणी मराठी मुलखाच्या इतिहासातील एक व्यवस्था विचाराला मदत करते. दख्खनच्या गावांत मिरासदार आणि उपरी असे शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते, आणि ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी 1819 मध्ये लिहिलेल्या अहवालातही त्यांची सविस्तर नोंद आहे. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे आणि गावकीत त्याला मान असे. उपरी हा बाहेरून आलेला, ठरलेल्या मुदतीपुरती जमीन कसणारा. दुष्काळाने किंवा लढायांनी ओस पडलेली गावे पुन्हा वसवायची असत तेव्हा सरकार कौल देई, म्हणजे लेखी अभयपत्र, आणि इस्ताव्याने जमीन लावून देई, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो ठरलेल्या वर्षांत क्रमाने पुऱ्या दरापर्यंत वाढवी. वारस न उरलेल्या घराण्यांची जमीन गाव बाहेरच्या माणसालाही मिरासपत्राने देऊ शके, आणि मग उपरी मिरासदार होई. ओस भूमीला माणसांची गरज आणि माणसाला भूमीची गरज यांचा मेळ घालण्यात मुळात काही वावगे नाही, हे यावरून दिसते. पण कौल हा देणाऱ्यालाही बांधत असे. वर्षे आधी ठरलेली असत, सारा किती वाढणार हे आधी ठरलेले असे, आणि कसणाऱ्याने नांगर धरल्यावर मध्येच अटी फिरवणे हा वचनभंग होता. जातिव्यवस्थेने ग्रासलेल्या त्या ग्रामरचनेला आदर्श मानण्याचे कारण नाही. तरी माणसे वसवणाऱ्या सत्तेने स्वतःलाही बांधून घ्यावे, हे तत्त्व तिच्यातून घेण्याजोगे आहे.

आजच्या प्रादेशिक वाटांचा खरा नैतिक दोष नेमका येथे आहे. प्रिन्स एडवर्ड आयलंड या कॅनडातील सर्वांत लहान प्रांताने 2024 च्या फेब्रुवारीत घरांवरचा आणि आरोग्यसेवेवरचा ताण हे कारण देऊन आपली नामांकने एक-चतुर्थांशाने कमी केली आणि विक्री व सेवा क्षेत्रांतील कामगारांची वाट जवळपास बंद केली. त्यानंतर मे महिन्यात शार्लटटाउन येथे तरुण कामगारांनी, ज्यांत भारतीयांचा भरणा मोठा होता आणि अनेकांनी कॅनडातच शिक्षण घेतले होते, प्रांतिक विधानमंडळाबाहेर धरणे धरले आणि पुढे उपोषणही केले. नियम बदलण्याचा प्रांताचा अधिकार नाकारता येत नाही, आणि घरांची टंचाई काल्पनिक नव्हती. प्रांताने नियम बदलूच नयेत अशी आंदोलकांची मागणीही नव्हती. जुन्या नियमांच्या काळात आलेल्यांना जुने नियम लावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी केंद्राने प्रांतिक नामांकनांचे देशभराचे लक्ष्य 1,10,000 वरून 55,000 वर आणले, तेव्हा हाच प्रश्न सर्व प्रांतांत उभा राहिला. कांटच्या नीतिशास्त्रात माणसाला केवळ साधन म्हणून वापरण्यास जी मनाई आहे, तिचे याहून स्वच्छ उदाहरण शोधणे कठीण आहे: गरज होती तेव्हा ज्याचे येणे हे योगदान होते, गरज सरल्यावर त्याचेच असणे हा ताण ठरतो, आणि मधल्या काळात त्याने त्या जागी घालवलेली वर्षे हिशेबातच येत नाहीत. या कसोटीवर, काटेकोर आणि काहीशी रुक्ष असूनही, 491 ची रीत अधिक प्रामाणिक ठरते, कारण ज्याला तो व्हिसा मिळाला त्याला तीन वर्षांनी काय मिळणार हे आधी कळते. तिच्यातही नामांकनापर्यंत पोहोचण्याचा टप्पा तितकाच अनिश्चित आहे, आणि विद्यार्थ्याची सर्वाधिक वर्षे त्याच टप्प्यात जातात.

प्रदेशाची बाजूही सहानुभूतीने ऐकली पाहिजे. ज्या लहान प्रांताने माणसे निवडली, त्यांची शिफारस केली, त्यांच्या मुलांसाठी शाळांत जागा केल्या, त्या प्रांतातून ती माणसे पीआर हाती येताच टोरँटोला निघून जात असतील, तर त्या प्रांताची फसवणूक झाल्याची भावना अनाठायी म्हणता येत नाही. परंतु ज्या गोष्टीची प्रदेशाला खरी अपेक्षा असते ती अटीने मिळू शकत नाही. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने 1943 मध्ये, लंडनमध्ये राहत असताना, समाजात मुळे रुजलेली असणे ही आत्म्याची गरज आहे असे विवेचन केले. आणि तिच्या मांडणीत रुजणे याचा अर्थ समूहाच्या जीवनात प्रत्यक्ष आणि सक्रिय वाटा असणे असा आहे. जिथे परक्याला वाटा मिळतो, म्हणजे त्याच्या पदवीला शोभेल असे काम, आजारपणात उपचार, उपासनेची जागा, आपल्या भाषेत चार शब्द बोलायला चार माणसे, तिथे तो अट संपल्यावरही राहतो. मॅनिटोबात आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने तिथे स्थिरावली, कारण त्या प्रांताने आधीपासून असलेल्या नातलगांना आणि समाजगटांना निवडीत महत्त्व दिले होते. तीन वर्षांची अट शरीराला थांबवू शकते. पुढची तीस वर्षे माणूस का राहतो याचे कारण तिच्यात नसते.

या प्रश्नाचा विचार मराठी वाचकाने फक्त मेलबर्न आणि मॅनिटोबातील विनिपेग यांच्या संदर्भात केला तर तो अपुरा राहील. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी, म्हणजे डोमिसाइलसाठी, पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते, आणि तेही त्याच देशाच्या नागरिकाला. सर्वोच्च न्यायालयाने 1984 च्या प्रदीप जैन प्रकरणात भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असे स्पष्ट केले असूनही राज्यनिहाय वास्तव्याच्या अटी शिक्षणात आणि नोकऱ्यांत टिकून आहेत. त्याहून अधिक बोचणारा प्रश्न पुण्याचा आहे. इराण, सुदान, येमेन, अफगाणिस्तान, केनिया येथील विद्यार्थी अनेक दशके पुण्यात शिकत आले आहेत. परदेशी विद्यार्थ्यांची आबाळ पाहूनच शां. ब. मुजुमदार यांनी 1971 मध्ये सिंबायोसिस या शिक्षणसंस्थेची स्थापना केली. या विद्यार्थ्यांनी पुण्यात पाच-सात वर्षे काढली, ते मराठी समजू लागले, युद्धामुळे त्यांचे परतीचे रस्ते बंद झाले, तरी शिक्षणातून कायमस्वरूपी वास्तव्याकडे नेणारी कोणतीही वाट, प्रादेशिक किंवा अन्य, भारतीय कायद्यात त्यांच्यासाठी नाही. नागरिकत्वाच्या 1955 च्या कायद्यातील देशीयीकरणाची तरतूद सर्वसाधारणपणे एकूण बारा वर्षांचे वास्तव्य मागते, आणि विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या माणसाला इतकी वर्षे सलग कायदेशीरपणे राहायचे कसे, याची सोय ती करत नाही. शार्लटटाउनच्या धरण्यातील तरुणाचा दावा त्याने तिथे घालवलेल्या काळामुळे खरा असेल, तर पुण्याच्या कोंढव्यातल्या भाड्याच्या खोलीत राहून पदव्युत्तर शिक्षण पुरे केलेल्या सुदानी विद्यार्थ्याचा दावाही त्याच कारणाने खरा आहे, आणि तो ज्याच्याकडे करायचा ते शासन परके नाही.